वायूवर चालणारी मोटार उभ्याउभ्या बंद का पडते?



पेट्रोलच्या मोटारीस वायूची टाकी बसवून घेण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. आम्हीही आमच्या जुन्या मोटारीस सी.एन.जी., म्हणजे दाबाखाली साठविलेला नैसर्गिक वायू, जोडून घेतला. काही महिने बरे गेले. पुढे मात्र तिला एक खोड जडली. धावताना गाडी उत्तम. पण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन थरथरे आणि बंद पडे. एकदा आजारी मातोश्रींना दवाखान्यात नेत असता बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे फाटकापुढे ती अशीच निपचित झाली. फाटक उघडले, मागची वाहने कर्णे वाजवू लागली, आणि आम्ही नुसती किल्ली फिरवीत बसलो. घरी आल्यावर आम्ही वायूसच दोष दिला. गॅरेजात तीनदा वायूचे प्रमाण बदलून घेतले. पैसे गेले, खोड राहिली.

शेवटी एका वृद्ध मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला, "सर, पेट्रोलवर घालून पाहिलात काय?" आम्ही निरुत्तर झालो. पदवी घेतलेल्या माणसास हे साधे सुचले नव्हते!

मोटार उभी असता इंजिन जे मंद चालते त्यास 'आयडलिंग' म्हणतात. बहुतेक मोटारींत ही गती मिनिटास ७०० ते ९०० फेऱ्यांच्या आसपास असते. त्या वेळी हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते व इंजिन अगदी थोड्या हवेवर आणि थोड्या इंधनावर जगत असते. श्रीमंताचे चार पैसे हरवले तर कळत नाही. गरिबाची मात्र चूल विझते. म्हणून धावताना लपून राहिलेला लहानसा दोष उभे राहताच प्रकट होतो.

आता वायूची वाट पाहू. भरलेल्या टाकीत दाब सुमारे २०० बार, म्हणजे वातावरणाच्या जवळजवळ २०० पट असतो. 'रेड्यूसर' हा दाब उतरवितो. प्रसरण पावताना वायू थंड होतो, म्हणून इंजिनाचे गरम पाणी रेड्यूसरमधून खेळविलेले असते. पुढे गाळणीतून व इंजेक्टरांतून वायू इंजिनात शिरतो. एक किलो पेट्रोल जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. नैसर्गिक वायूस सुमारे १७ किलो. हे प्रमाण बिघडले की इंजिन अडखळते.

परीक्षेचा क्रम असा. इंजिन चांगले तापल्यावर ते प्रथम पेट्रोलवर व मग वायूवर उभे ठेवून पाहावे. दोन्हींवर थरथरत असेल, तर दोष बहुधा इंजिनाचा : झिजलेले प्लग, चोंदलेली हवेची गाळणी, फुटकी रबरी नळी किंवा व्हॉल्व्हची बिघडलेली फट. केवळ वायूवर थरथरत असेल, तर वायूची गाळणी, तेलकट मळ साचलेला रेड्यूसर, इंजेक्टर आणि पाण्याची पातळी तपासावी. मात्र वायूस ठिणगी अधिक जोरकस लागते. म्हणून पेट्रोलवर निभावून जाणारे जुने प्लग वायूवर दगा देतात. हे प्लग आधी पाहावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व वहीत टिपून ठेवावी.

आमची मोटार पेट्रोलवरही किंचित थरथरत होती. आम्ही लक्षच दिले नव्हते. हवेची एक रबरी नळी चिरली होती व तीतून इंजिन जास्तीची हवा ओढीत होते. नळी बदलली आणि गॅरेजात बिघडविलेले वायूचे प्रमाण पूर्ववत केले. तेव्हापासून गाडी फाटकापाशी शांत उभी राहते.

एक गोष्ट मात्र विसरू नये. वायूचा वास आला तर इंजिन थांबवावे, टाकीची झडप बंद करावी, काडी ओढू नये आणि दूर व्हावे. दाबाच्या नळ्यांस जाणत्या, अधिकृत कारागिरानेच हात लावावा. टाकीची चाचणी दर ३ वर्षांनी करून घ्यावी.

वर्गात काच फुटली की नव्याने आलेल्या मुलाकडे बोटे वळतात. आम्हीही वायूच्या बाबतीत तेच केले, कारण तो घरात नवा होता. दोष ठरविण्यापूर्वी पडताळून पाहणे, हा धडा आम्हांस शाळेत नव्हे, तर एका चिरलेल्या नळीपाशी मिळाला.