ताप आला, जेवण बंद. मग इन्सुलिनही बंद करायचं का?

प्रश्न : माझ्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे. रोवणीच्या दिवसांत तिला ताप आला. पेजेपलीकडे पोटात काही गेलं नाही, तरी साखर ३०० च्या वर गेली. घरातले म्हणतात, खात नाही तर इंजेक्शन कशाला? या आजाराने तिची प्रतिकारशक्तीच गेली आहे का?
— एक आई, अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया

उत्तर : ताई, आधी इंजेक्शनचं सांगते. तापात इन्सुलिन बंद करू नका. दिवसभर पुरणारं, लांब पल्ल्याचं इन्सुलिन तर मुळीच नाही. जेवणाआधीचा डोस किती कमी-जास्त करायचा, ते साखर पाहून डॉक्टर सांगतील.

न खाता साखर वाढली कशी, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. जंतूंशी लढताना शरीर कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिन, ग्लुकॅगॉन ही संप्रेरकं सोडतं. त्यांच्या हुकुमावरून यकृत स्वतःच साखर तयार करून रक्तात ओततं, शिवाय इन्सुलिनचा असरही कमी होतो. निरोगी माणसाचं स्वादुपिंड अशा वेळी जास्त इन्सुलिन सोडून हे सावरतं. तुमच्या मुलीकडे ती सोय नाही. इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळू लागतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. त्यात जीव जाऊ शकतो.

आता प्रतिकारशक्तीचं. टाइप १ मध्ये शरीराच्या संरक्षक पेशींनीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट केलेल्या असतात. ही चुकीच्या जागी झालेली चढाई आहे. म्हणून तिचं सगळं सैन्य दुबळं झालं, असं नाही. साखर बऱ्यापैकी आटोक्यात असलेली मुलं तापाशी बहुतेक इतरांसारखीच लढतात. साखर बरेच दिवस चढी राहिली की मात्र पांढऱ्या पेशी जंतूपर्यंत उशिरा पोहोचतात, जंतूंना गिळणं आणि मारणं त्यांना नीट जमत नाही. मग धानाच्या बांधीत पायाला झालेली जखम चिघळते, लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो, क्षयाचा धोकाही वाढतो. रक्तात आम्ल वाढलं की लोह मोकळं होतं आणि म्युकरसारख्या बुरशीला आयतं खाद्य मिळतं. २०२१ मध्ये करोनानंतर विदर्भाने ही बुरशी जवळून पाहिली.

म्हणजे संसर्गाने साखर चढते आणि चढलेल्या साखरेने संसर्ग बळावतो. हे चक्र तोडायचं ते इन्सुलिन, पाणी आणि वारंवार तपासणीने. तापाच्या दिवसांत दर तीन-चार तासांनी साखर बघा, रात्रीसुद्धा. ती २५० च्या वर राहिली तर लघवीतले कीटोन पट्टीने तपासा. पाणी, मीठ घातलेली पेज घोट घोट देत राहा. मनानेच डोस वाढवू नका, कारण गंभीर मलेरियात साखर एकदम खालीही येते. आणि आपल्या जिल्ह्यात, विशेषतः जंगलपट्ट्यात, पावसाळ्यातल्या तापाला मलेरियाची तपासणी हवीच. मुलीच्या ठरलेल्या लशी टाळू नका. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दलही डॉक्टरांना विचारा.

पट्ट्या आणि इन्सुलिनचा खर्च झेपत नसेल, तर नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी सुरू केलेल्या ड्रीम ट्रस्टकडे चौकशी करा. गरीब घरांतल्या टाइप १ च्या मुलांसाठीच ते काम आहे.

उलट्या थांबत नसतील, पोट दुखत असेल, श्वास खोल आणि भरभर चालत असेल किंवा तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत असेल, तर सकाळची वाट न पाहता तिला गोंदियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या. दारातच सांगा, ‘हिला टाइप १ आहे, रोज इन्सुलिन लागतं.’ तापाच्या हंगामात त्या धापेकडे न्यूमोनिया म्हणून पाहिलं जाऊ शकतं, आणि साखर-कीटोनची तपासणी मागे पडते.