साहित्य आणि धर्म यांचा सहाभ्यास : अंबाजोगाईच्या दोन ग्रंथांच्या संदर्भात

विद्यापीठीय मराठी अभ्यासक्रमात संतसाहित्याचे स्थान निर्विवाद आहे. परंतु त्या साहित्यातील धर्मविचाराचे अध्यापन कसे करावे, याविषयी स्पष्टता आढळत नाही. कोठे ग्रंथाचे केवळ काव्यगुण पाहिले जातात, तर कोठे वर्गाला प्रवचनाचे रूप येते. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईशी निगडित असलेले दोन ग्रंथ या संदर्भात उद्बोधक ठरतात.

मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' परंपरेने शके १११० (इ. स. ११८८) मधील, म्हणजे 'ज्ञानेश्वरी'पूर्वीचा मानला जातो. मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईस दाखविली जाते. विदर्भातील आंभोरे या स्थळाचाही त्यांच्यावर दावा आहे. उपलब्ध प्रतींतील भाषा मात्र त्या मानाने अर्वाचीन वाटत असल्याने हा काळ सर्वांस मान्य नाही. येथे आद्यकवित्वाचा मान आणि प्रादेशिक अस्मिता पणास लागलेली असते. तथापि समाधीवरील श्रद्धा हा ग्रंथकालाचा पुरावा होऊ शकत नाही. उलट, भाषा उत्तरकालीन ठरली तरी ग्रंथातील शांकर अद्वैताच्या प्रतिपादनाचे मोल उणावत नाही. काळ भाषाशास्त्र आणि पाठचिकित्सा यांनी ठरवावा. अर्थासाठी मात्र वेदान्ताची परिभाषा जाणणे अपरिहार्य आहे.

दुसरे उदाहरण दत्तसंप्रदायी दासोपंतांचे (इ. स. १५५१–१६१५). गीतेवरील त्यांच्या 'गीतार्णवा'ची ओवीसंख्या परंपरा सव्वा लाख सांगते. 'ज्ञानेश्वरी'च्या ओव्या सुमारे नऊ हजार आहेत. त्यांची 'पासोडी' तर कागदावर नव्हे, सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर लिहिलेली आहे. तिचा विषय पंचीकरण हा आहे. या प्रक्रियेत प्रत्येक स्थूल महाभूतात स्वतःचा अर्धा अंश आणि इतर चार भूतांचा प्रत्येकी एक अष्टमांश असतो. निव्वळ रसदृष्टीने पाहणाऱ्यास ही रचना रूक्ष वाटेल. परंतु तत्त्वांची ही विभागणी एका दृष्टिक्षेपात उलगडावी, यासाठी विस्तीर्ण कापडाचा उपयोग किती समर्पक आहे, हे सिद्धान्त कळल्यावरच ध्यानी येते. दुसरीकडे, केवळ सिद्धान्त पाहणाऱ्याच्या नजरेतून संस्कृत शास्त्र मराठीत आणि जाडाभरड्या पांघरुणावर उतरविण्याचे भाषिक धाडस निसटते.

या दोन उदाहरणांवरून सहाभ्यासाची मर्यादाही स्पष्ट होते. साहित्य आणि धर्म एकत्र वाचावयाचे म्हणजे त्यांच्या कसोट्या एकत्र कालवावयाच्या असे नव्हे. श्रद्धेने इतिहास सिद्ध होत नाही. इतिहासाने श्रद्धेचा आशय संपत नाही. हा विवेक विशेषतः अशा विद्यार्थ्यास हवा, ज्याच्या घरी तोच ग्रंथ पूजेत असतो आणि वर्गात तोच परीक्षेस नेमलेला असतो. त्याला श्रद्धा वर्गाबाहेर ठेवावयास सांगणे जितके अनुचित, तितकेच तिला उत्तरपत्रिकेत प्रमाण मानणे अनुचित होय. प्रश्न कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी ओळखावयास शिकविणे, हेच अशा अध्यापनाचे पहिले कर्तव्य ठरते.