मुलीमागे 708 रुपये

गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या ॲथलेटिक्स क्लबची नागपूरला स्पर्धा होती. पुण्याहून तेरा-चौदा वर्षांच्या बारा मुली निघणार होत्या आणि सोबत एकटे सर. पालकांच्या ग्रुपवर खर्चाचा मेसेज आला: मुलींना दोन खोल्या, आणि ‘जागा बघून सर त्यांच्यातच ॲडजस्ट होतील, तेवढाच खर्च वाचेल’. ताईने तो मेसेज मला दाखवला आणि काहीच बोलली नाही. विचारलं तर सरांवर संशय घेतल्यासारखं होईल, पोरीला संघातून काढतील, ही धास्ती आम्हा दोघींनाही होती. शेवटी वही काढून हिशेब मांडला. सोबत एका बाई मॅनेजरचं स्लीपरचं जाऊन-येऊन तिकीट साधारण 1,000 रुपये. सर आणि बाई यांच्यासाठी दोन वेगळ्या छोट्या खोल्या, तीन रात्रींचे 6,000. बाईंचं जेवणखाण 1,500. एकूण 8,500. बाराने भागलं की मुलीमागे 708 रुपये. त्याच स्पर्धेसाठी घेतलेले स्पाइक्स अडीच हजारांचे होते.

मुलींसोबत एक बाई हवी, हे मागणं जगावेगळं नाही. 2022 मध्ये एका महिला सायकलपटूने परदेशातल्या सरावादरम्यान प्रशिक्षकाच्या वागणुकीबद्दल तक्रार केली. त्यानंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणाने राष्ट्रीय महासंघांना सांगितलं की, महिला खेळाडू असलेल्या पथकासोबत महिला प्रशिक्षक हवी. जे राष्ट्रीय संघाला लागू, ते गल्लीतल्या क्लबकडे मागायला संकोच कसला?

प्रवेश घेतानाच एक गोष्ट मागा: प्रशिक्षक, मदतनीस, बसचालक या सगळ्यांची पोलीस पडताळणी. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या 2020 च्या नियमांत क्रीडा अकादमीचा नाव घेऊन उल्लेख आहे. मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, तो कंत्राटी असला तरी, ठरावीक काळाने पडताळणी करून घेणं संस्थेवर बंधनकारक आहे. ती जबाबदारी संस्थेची, तुमची नाही. ‘आमचे सर वीस वर्षांपासून आहेत’ हे त्या कागदाला उत्तर नव्हे. मात्र पडताळणीत फक्त पोलिसांकडे नोंद झालेलं तेवढंच दिसतं. म्हणून कागद बघून निर्धास्त होऊ नका.

रोजची काळजी बहुतेक फुकटातच होते. मसाज किंवा दुखापत बघायची ती दार उघडं ठेवून, दुसऱ्या मोठ्या माणसासमोर. सरांचे मेसेज पालक असलेल्या ग्रुपवरच. वजन घ्यायचं ते चारचौघांत आकडा ओरडून नाही. सराव बघायला पालकांना कधीही मुभा. ‘पालक आले की पोरांचं लक्ष उडतं’ म्हणून फाटक बंद करणाऱ्या अकादमीत, ती कितीही नावाजलेली असो, मी माझं मूल घालणार नाही.

वर्षाची फी एकरकमी भरू नका, महिन्याची किंवा तिमाही भरा, आणि पावती घ्या. पैसे अडकलेले असले की पालक गप्प बसतात, हे मी जवळून पाहिलंय. फी परत मिळत नसेल तर ग्राहक आयोगात जाता येतं. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा.

मारणं, उन्हात पाण्याविना पळवणं, आईबापावरून शिव्या देणं यालाही ‘शिस्त’ म्हणून सोडू नका. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 75 खाली मुलाशी क्रूरतेने वागणं हा गुन्हा आहे.

आणि लैंगिक छळाचा संशय आला तर? इथे पालक सगळ्यात जास्त खर्चाला भितात, आणि नेमका इथेच कायद्याने खर्च जवळजवळ शून्यावर आणलाय. मुलांसाठीची 1098 हेल्पलाइन आणि आपत्कालीन 112 हे फोन मोफत. एफआयआरची प्रत मोफत. हद्द कुठलीही असो, जवळच्या ठाण्याला गुन्हा नोंदवावा लागतो. मुलाचा जबाब घरी घेता येतो, पोलीस गणवेशात नसावेत, आणि शक्यतो महिला अधिकारी असावी. तपासणी आणि उपचार सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांत मोफत. मुलांना आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी वकिली मदत मिळते, त्यासाठी हेल्पलाइन 15100. येण्याजाण्यासारख्या तातडीच्या गरजांसाठी बालकल्याण समिती लगेच रक्कम देण्याची शिफारस करू शकते. विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकतं. महाराष्ट्रात शिवाय पीडितांना अर्थसाहाय्य देणारी मनोधैर्य योजना आहे.

खिशातून जातं ते समुपदेशनाला. शहरात खासगी समुपदेशक एका भेटीचे हजार-दीड हजार सहज घेतात, आणि भेटी बऱ्याच लागतात. आधी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा.

‘पोलिसांत नको, कमिटीत मिटवू’ असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा: गुन्ह्याची माहिती असून न कळवणं हाच पोक्सोखाली गुन्हा आहे. सामान्य माणसाला सहा महिन्यांपर्यंत, संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद. उलट चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

पोक्सो कायदा 2012 चा. त्याआधीची किंमत रुचिका गिरहोत्राच्या घराने मोजली. 1990 मध्ये या चौदा वर्षांच्या टेनिसपटूचा हरियाणा लॉन टेनिस संघटनेच्या अध्यक्षाने, एस. पी. एस. राठोड या बड्या पोलीस अधिकाऱ्याने, विनयभंग केला. तक्रार झाल्यावर फी थकल्याचं कारण देत शाळेने तिचं नाव कमी केलं. 1993 मध्ये तिने जीव दिला. 2009 मध्ये निकाल लागला: सहा महिने कैद आणि 1,000 रुपये दंड. खटला उभा राहिला तो मैत्रीण आराधना आणि तिचे आईवडील मागे हटले नाहीत म्हणून.

म्हणून मूल काही सांगू लागलं की त्याला एकट्याने लढावं लागणार नाही, एवढं आधी बघा. उलटतपासणी करू नका. ते जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून, वहीत उतरवा. मोबाइलमधले मेसेज पुसू नका, अंगावरचे कपडे धुऊ नका. सोबतच्या मुलांच्या पालकांना फोन करायचा तो पोलिसांना कळवल्यानंतर.

नागपूरच्या दौऱ्याचा तो हिशेब ग्रुपवर टाकला, आणि नऊ घरांनी त्याच संध्याकाळी 708 रुपये दिले. तीन घरांना जड जात होतं, त्यांचे आम्ही वाटून घेतले. बाई गेल्या. सर वेगळ्या खोलीत राहिले, आणि परत आल्यावर तेच म्हणाले, पुढच्या वेळेपासून हे खर्चाच्या मेसेजमध्ये आधीच घालू.