उत्तरे बरोबर, तरी डबा सापडेना

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरात राहतो. बारा वर्षांच्या नातीला जिओकॅशिंगचा नाद लागला आहे. तिने एक कोडे पाठवले. त्यात ॲरिझोनाविषयी काही प्रश्न आहेत, उत्तरांतले आकडे ओळीने मांडले की अक्षांश-रेखांश मिळतात आणि तिथे डबा लपवलेला असतो म्हणे. ती बापाला घेऊन दोनदा जाऊन आली, डबा मिळाला नाही. उत्तरे सगळी बरोबर आहेत असे ती ठामपणे सांगते. उत्तरे सोबत जोडली आहेत. मग चुकते कुठे? आणि हा खेळ नेमका आहे तरी काय?
— एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, नातीची उत्तरे मी दोनदा वाचली. एका उत्तरापाशी थांबलो. त्याकडे येतोच, पण आधी खेळ सांगतो.

जिओकॅशिंगमधला ‘कॅश’ पैशांचा नव्हे. लपवून ठेवलेला साठा अशा अर्थाचा तो मूळ फ्रेंच शब्द आहे. हा साठा शोधायचा तो जीपीएसने, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवरून जागा दाखवणाऱ्या यंत्रणेने. जीपीएसचे उपग्रह अमेरिकी लष्कराचे. सामान्य नागरिकांना मिळणाऱ्या संकेतांत सरकार मुद्दाम चूक घालत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडची तिकडे दिसायची. मे २०००च्या सुरुवातीला ही चूक काढून टाकण्यात आली. लगेच, ३ मे रोजी, ऑरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह अल्मर यांनी एक बादली रानात ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. शोधा, वहीत नोंद करा, एखादी वस्तू घ्या आणि एक ठेवा, एवढाच नियम. तो खेळ आज जगभर खेळला जातो.

साध्या डब्याचा पत्ता सरळ दिलेला असतो. कोड्याच्या डब्याचा नसतो. नकाशावर निळे प्रश्नचिन्ह दिसते, पण ते खोट्या जागी असते. खरी जागा साधारण दोन मैलांच्या आत कुठेतरी असते आणि ती कोडे सोडवूनच काढायची. सुटलेल्या कोड्याचा पत्ता जाहीर करायचा नाही, हा खेळाडूंनी पाळलेला संकेत आहे. म्हणून नातीचे कोडे इथे छापत नाही. तशाच प्रश्नांचे एक नमुन्याचे कोडे करतो. त्या जागी डबा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

अक्षांश असा : उत्तर ३३ अंश २क.खगघ मिनिटे. ‘क’ म्हणजे ॲरिझोना संघराज्यातले कितवे राज्य, त्या संख्येतला शेवटचा अंक. १४ फेब्रुवारी १९१२ रोजी ते ४८वे राज्य झाले, म्हणून ८. ‘ख’ म्हणजे लंडन ब्रिज ॲरिझोनात सुरू झाला त्या वर्षाचा शेवटचा अंक. ‘ग’ म्हणजे फ्लॅगस्टाफच्या लोवेल वेधशाळेत प्लूटो सापडला त्या वर्षाचा तिसरा अंक. क्लाइड टॉम्बॉ यांना तो १९३० साली सापडला, म्हणून ३. ‘घ’ म्हणजे राज्याच्या झेंड्यावर किती किरण, त्या संख्येचा शेवटचा अंक. किरण १३, म्हणून पुन्हा ३.

राहिला ‘ख’. नातीच्या कागदावरही हाच प्रश्न आहे आणि मी थांबलो तो इथेच.

थेम्स नदीवरचा १८३१चा दगडी लंडन ब्रिज वाढत्या रहदारीच्या भाराने हळूहळू खचत होता. लंडनने तो विकायला काढला. रॉबर्ट मॅकलॉक या उद्योजकाने १९६८ साली तो २४ लाख ६० हजार डॉलरना घेतला. कोलोरॅडो नदीवरच्या धरणाच्या जलाशयाकाठी लेक हवासू सिटी नावाचे नवे गाव ते वसवत होते, तिथे लोकांनी यावे म्हणून. पुलाच्या दगडांवर क्रमांक घातले. पनामा कालव्यातून जहाजाने आणि पुढे ट्रकने ते वाळवंटात आले. आतला सांगाडा नव्या काँक्रीटचा केला आणि बाहेरून जुने दगड बसवले. पूल कोरड्या जमिनीवर बांधला आणि त्याच्याखालून पाण्याची वाट मागाहून खोदली. मला हे सगळे फार विलक्षण वाटते. १० ऑक्टोबर १९७१ रोजी तो समारंभाने खुला झाला, म्हणून ‘ख’ म्हणजे १.

नातीने लिहिले आहे १९६८. ते खरेदीचे वर्ष. प्रश्नात विचारले आहे, पूल खुला कधी झाला. तिची माहिती खरी आहे, पण ती दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

एका आकड्याने काय बिघडते, ते मोजून पाहा. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १,८५२ मीटर. नमुन्यातला बरोबर अक्षांश येतो २८.१३३ मिनिटे. ‘ख’च्या जागी १ ऐवजी ८ टाकला की होतो २८.८३३. फरक ०.७ मिनिटांचा, म्हणजे जवळजवळ १३०० मीटरचा. नातीच्या कोड्यातही हा आकडा याच जागी असेल, तर पोर दोन वेळा गेली आणि दोन्ही वेळा डब्यापासून सव्वा किलोमीटर दूर दगड उलथत बसली. हीच चूक ‘घ’मध्ये झाली असती, किरण १३ ऐवजी १४ मोजले असते, तर फरक पडला असता दोन मीटरांपेक्षाही कमी आणि डबा सहज दिसला असता. म्हणून उत्तरे तपासायची ती डावीकडून. पहिल्या आकड्यांना सर्वांत जास्त जपायचे.

चांगला कोडेकार शेवटी सगळ्या अंकांची बेरीज देतो, तिच्याशी ताळा करून पाहायचा. नातीच्या कोड्यात बेरीज दिलेली आहे, पण ताळा केलेला दिसत नाही. तो केला असता तर पहिलीच फेरी वाचली असती.

आणखी दोन ठिकाणी नवखे हमखास फसतात. पहिले ठिकाण मापाचे. ग्रँड कॅनियनची लांबी नदीच्या वळणांसकट २७७ मैल, म्हणजे ४४६ किलोमीटर. तिकडचा कोडेकार मैलच धरतो. दुसरे ठिकाण घड्याळाचे, ते तर तुमच्या रोजच्या फोनशी जोडलेले आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढे करतात. ॲरिझोनाने १९६८ सालापासून ते सोडून दिले, कारण तिथल्या उन्हाळ्यात संध्याकाळी आणखी एक तास ऊन कुणालाच नको असते. म्हणून सांगली आणि फीनिक्समध्ये बारमाही साडेबारा तासांचाच फरक राहतो. पण त्याच राज्याच्या ईशान्येला नवाहो या आदिवासी लोकांचा प्रदेश आहे. तो तीन राज्यांत पसरलेला, म्हणून तिथे घड्याळ पुढे करतात. नवाहोंनी वेढलेल्या होपी लोकांच्या प्रदेशात मात्र करत नाहीत. ‘जुलैत ॲरिझोनात किती वाजले?’ असा प्रश्न आला तर आधी विचारायचे, ॲरिझोनात कुठे?

माझ्या मते असे प्रश्नच या खेळाचा जीव आहेत. नुसते पाठ केलेले आकडे मागणारे कोडे मला फिके वाटते. राज्याकडे दुसऱ्यांदा पाहायला लावते, ते खरे कोडे.

डबा नसलेला एक प्रकारही आहे, अर्थकॅश. तिथे जागेवर जाऊन भूगर्भाविषयीच्या प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. अशा प्रश्नांना उल्काविवरे अगदी जोगी. ॲरिझोनातले उल्काविवर सुमारे १,२०० मीटर रुंद आणि ५० हजार वर्षांपूर्वीचे. आपले लोणार त्याहून मोठे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, आणि काळ्या बेसाल्टमधले. नात सुट्टीत आली की तिला लोणारला न्या. दोन्ही विवरे पाहिलेली मुले फार नसतील.

तोवर तिला एवढे कळवा : १९६८ खोडून १९७१ लिही, मग बेरीज ताडून पाहा. उन्हाळा असेल तर उजाडताच निघा, सोबत भरपूर पाणी घ्या. आणि दगडाच्या फटीत हात घालण्याआधी काठीने ढोसून पाहा, कारण त्या भागात विंचू आणि खुळखुळ्या शेपटीचे विषारी साप असतात.