आधी वाच, मग चालव : भाचीला डिपेंडन्सीचे कानमंत्र

अगं पोरी, दुसऱ्या कुणाचा तरी जुना पायथन प्रोजेक्ट तुझ्या पदरात पडलाय आणि "याला नक्की कायकाय लागतं ते शोधून दे" असं साहेबांनी सांगितलंय, हे ऐकून मला खरंच आनंद झाला. हे काम नवख्यांच्या गळ्यात घालतात, कारण ते कंटाळवाणं दिसतं. पण कोड कुणाकुणाच्या भरवशावर उभा आहे हे ज्याला सांगता येतं, त्यालाच तो कोड कळलेला असतो. तू हुशार आहेस, फक्त हात डोक्याच्या पुढे धावतात तुझे. म्हणून हे कानमंत्र. सावकाश वाच, एका दमात संपवायचा हट्ट नको.

वाचताना

१. प्रोजेक्ट हातात आला की पहिल्या दिवशी काहीही इन्स्टॉल करू नकोस, नुसता वाच — पॅकेज सोर्समधून बांधायचं असेल तर पिप इन्स्टॉल म्हणताच त्याचा सेटअपचा कोड तुझ्याच मशीनवर, तुझ्याच परवानग्यांनी चालतो. घाईत इन्स्टॉल, रात्रभर हाल.

२. यादी एकाच जागी असेल असं धरून चालू नकोस. रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी, पायप्रोजेक्ट डॉट टॉमल, सेटअप डॉट सीएफजी, डॉकरफाइल, सीआयची यामल फाइल, सगळं उघडून बघ — डॉकरफाइलीत कुणीतरी अडल्या वेळी घातलेली 'पिप इन्स्टॉल'ची ओळ बाकी कुठल्याच यादीत नसते.

३. रिक्वायरमेंट्सची ओळ स्वतः तोडत बसू नकोस, 'पॅकेजिंग' या लायब्ररीतला पार्सर वापर — एकाच ओळीत नाव, चौकोनी कंसातले एक्स्ट्रा, व्हर्जनची अट आणि अर्धविरामानंतर "फक्त विंडोजवर" किंवा "पायथन ३.८ च्या खालीच" असा मार्करही असू शकतो. डॅश-आर लिहून आत दुसरी फाइल ओढलेली असेल, तर तिची सोय मात्र तुला वेगळी करावी लागेल.

४. सेटअप डॉट पाय चालवून यादी काढायचा मोह आवर — ती यादी नाही, पूर्ण प्रोग्राम आहे, आणि मशीन बघून तो वेगवेगळं उत्तर देऊ शकतो. पायप्रोजेक्ट डॉट टॉमल मात्र नुसता मजकूर असतो आणि पायथन ३.११ पासून तो वाचायला टॉमलिब आयतं मिळतं. वाचून कळतं, ते चालवून पाहू नये.

५. कोडमधले इम्पोर्ट ग्रेपने शोधू नकोस, पायथनचंच एएसटी मॉड्यूल घे — 'इम्पोर्ट' हा शब्द कॉमेंटमध्येही असतो आणि डॉकस्ट्रिंगमधल्या उदाहरणातही. एएसटी कोड न चालवता त्याची रचना समोर मांडतं. त्यातून इम्पोर्ट आणि इम्पोर्टफ्रॉम हे दोन प्रकारचे नोड वेचायचे.

६. फाइलीच्या वरच्या दहा ओळींवर थांबू नकोस, फंक्शनच्या पोटातही उतर — जड लायब्ररी असली की बरेचजण ती गरज पडेल तिथेच इम्पोर्ट करतात, आणि ती नसल्याचं नेमकं महिनाअखेरीचा रिपोर्ट काढताना कळतं.

७. 'ट्राय'खाली इम्पोर्ट आणि 'एक्सेप्ट इम्पोर्टएरर'खाली दुसरी वाट दिसली, तर ते नाव 'ऐच्छिक' या रकान्यात लिही — हे नसलं तरी चालेल, असं लिहिणाऱ्यानेच सांगून ठेवलेलं असतं.

८. इम्पोर्टलिब वापरून नाव स्ट्रिंगमधून येताना दिसलं की तिथे तांबडी खूण कर — ते नाव कॉन्फिग फाइलीतून, कधी डेटाबेसमधूनही येतं. नुसता कोड वाचून ते ठरवता येत नाही; ज्यांनी लिहिलं त्यांना विचारायला लाजू नकोस.

९. टिंबाने सुरू होणारे इम्पोर्ट आणि स्टँडर्ड लायब्ररीची नावं यादीतून गाळ — पहिले प्रोजेक्टच्या आतलेच असतात. दुसऱ्यांची तयार यादी पायथन ३.१० पासून सिस मॉड्यूलमध्येच आहे, हाताने लिहायला नको.

नावं ओळखताना

१०. इम्पोर्ट करायचं नाव आणि इन्स्टॉल करायचं नाव एकच असेल असं मानू नकोस — यामल हवं तर पाययामल बसवावं लागतं, सीव्ही२ साठी ओपनसीव्ही-पायथन, पीआयएलसाठी पिलो, बीएस४ साठी ब्यूटिफुलसूप४. सगळं बसवलेल्या वातावरणात इम्पोर्टलिब-मेटाडेटाला विचारलंस, तर कुठलं मॉड्यूल कुठल्या पॅकेजातून आलं ते तो सांगतो.

११. नावं जुळवण्याआधी एकसारखी करून घे : सगळी लहान अक्षरं; डॅश, अंडरस्कोर आणि टिंबाच्या जागी एकच डॅश — पायपीआय या तिन्हींत फरक करत नाही, आणि तू केलास तर एकच पॅकेज तुझ्या यादीत दोनदा येईल.

१२. नवं पॅकेज घेताना नाव आठवून टाइप करू नकोस, त्या लायब्ररीच्या अधिकृत पानावरून उचल — डिसेंबर २०१९ मध्ये पायपीआयवर 'जेलीफिश' या लायब्ररीची नक्कल सापडली. स्पेलिंगमधल्या पहिल्या लहान एलच्या जागी मोठा आय घातला होता. पडद्यावर दोन्ही नुसत्या उभ्या रेघा दिसतात, आणि आतला कोड एसएसएच आणि जीपीजीच्या की चोरायला बसलेला. अक्षराची चूक, जन्माची रुखरुख.

१३. एआयने सुचवलेलं पॅकेज असेल तर ते खरंच आहे का, कधीपासून आहे, कुणी ठेवलंय, हे आधी बघ — ही साधनं अस्तित्वात नसलेली नावंही तितक्याच ठामपणे सांगतात, आणि तसलं नाव उद्या कुणीही नोंदवून त्यात हवं ते भरू शकतं.

१४. कंपनीचं आतलं पॅकेज असेल तर पिप ते कुठून आणतो याची खात्री कर. 'एक्स्ट्रा इंडेक्स' दिसला की थांब — पिप दोन्हीकडे बघतो आणि आपलं कुठलं, बाहेरचं कुठलं, हे त्याला कळत नाही. २०२२ च्या नाताळात पायटॉर्चच्या नाइटली बिल्डच्या वाट्याला हेच आलं : टॉर्चट्रायटन हे त्यांचं पॅकेज, त्याच नावाचं दुष्ट पॅकेज पायपीआयवर कुणी चढवलं, आणि त्या दिवसांत लिनक्सवर पिपने नाइटली घेणाऱ्यांकडे तेच उतरलं.

आकडे समजून घेताना

१५. व्हर्जनची तुलना अक्षरांसारखी कधी करू नकोस — अक्षरांच्या हिशोबात १.१० हे १.९ च्या आधी येतं, आणि तुझा तपास "जुनंच आहे" म्हणून नव्याला नावं ठेवतो. त्याच पॅकेजिंग लायब्ररीत व्हर्जनसाठीही सोय आहे.

१६. चिन्हं पाठ करून टाक : == म्हणजे तेवढंच, >= म्हणजे खाली बंद पण वर मोकळं रान, आणि पायथनमधलं ~=१.४.२ म्हणजे १.४.२ पासून पुढे पण १.४ च्या आतच — चिन्ह कळलं नाही तर यादी वाचूनही उद्या काय बसेल ते सांगता येत नाही.

१७. जावास्क्रिप्टकडे वळलीस तर ^१.२.३ हे २ च्या खालपर्यंत जातं, पण ^०.२.३ हे ०.३ च्या खालीच थांबतं — पहिला आकडा शून्य असेतो काहीही बदलू शकतं, असं सेमव्हरचा, म्हणजे व्हर्जनचे आकडे देण्याच्या पद्धतीचा, नियमच म्हणतो.

१८. तिसरा आकडाच बदलला म्हणून डोळे मिटून घेऊ नकोस, टेस्ट चालव — सेमव्हर हा लिहिणाऱ्याने दिलेला शब्द आहे, कुणी तपासून दिलेला दाखला नाही. जानेवारी २०२२ मध्ये एनपीएमवरच्या 'कलर्स'च्या मालकानेच मुद्दाम न संपणारा लूप घालून नवं व्हर्जन सोडलं, आणि त्यावर विसंबलेले कितीतरी प्रोग्राम भलभलतं छापत बसले.

झाड उलगडताना

१९. तू मागितलेलं आणि प्रत्यक्षात आलेलं, दोन्ही याद्या शेजारी मांड — पॅकेज हे लग्नपत्रिकेवरच्या पाहुण्यासारखं सहकुटुंब सहपरिवार येतं. पायथनला पिपडेपट्री, नोडला एनपीएम एलएस, जावाला मेव्हनचं डिपेंडन्सी ट्री, असं प्रत्येक ठिकाणी झाड दाखवणारं काहीतरी आहे.

२०. झाडातल्या प्रत्येकाला विचार, "तुला कुणी बोलावलं?" आणि उत्तर लिहून ठेव — डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेची भेग उघडी पडली, तेव्हा अनेकांना आपल्याकडे ती लायब्ररी आहे हेच ठाऊक नव्हतं, ती दुसऱ्याच्या हाताला धरून आली होती. २.१५.० ची दुरुस्ती अपुरी पडली आणि लागोपाठ २.१६.० आणि २.१७.० आल्या, म्हणजे शोध पुन्हा पुन्हा घ्यावा लागला. म्हणून यादी एका कमांडने परत काढता येईल अशीच कर.

२१. दोन पॅकेजं एकाच तिसऱ्याची वेगवेगळी व्हर्जनं मागत असतील तर जबरदस्तीने एक बसवू नकोस, आधी कुठल्या अटी भांडताहेत ते वाच — पायथनच्या एका वातावरणात एका पॅकेजाचं एकच व्हर्जन राहतं; नोडमध्ये दोन गुण्यागोविंदाने नांदतात. बसवून झाल्यावर 'पिप चेक' म्हण, राहिलेलं भांडण तो दाखवतो.

२२. लॉकफाइल कमिट कर, आणि सीआयवर नोडसाठी एनपीएम इन्स्टॉलऐवजी एनपीएम सीआय वापर — तो लॉकमध्ये लिहिलेलंच बसवतो, आणि यादीशी जुळलं नाही तर थांबतो. पायथनच्या यादीत हॅशही ठेव, म्हणजे त्याच नावाची बदललेली फाइल आली तर पिप ती घेणारच नाही. कुलूप फाइलीला, झोप टीमला.

पारख करताना

२३. दहा ओळींत होणाऱ्या कामासाठी पॅकेज घेऊ नकोस — मार्च २०१६ मध्ये लेफ्टपॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या मालकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभरच्या बिल्ड अडल्या. शेवटी एनपीएमला ते परत आणून ठेवावं लागलं. पण क्रिप्टोग्राफी आणि तारीख-वेळ मात्र स्वतः लिहायला जाऊ नकोस, ते जाणत्यांचंच काम.

२४. स्टार मोजू नकोस, माणसं बघ : किती जण सांभाळतात, शेवटची रिलीज कधीची, इश्यूंना उत्तरं येतात का — एक्सझेड हे लिनक्सवर सगळीकडे असणारं साधन प्रामुख्याने एकच थकलेला माणूस सांभाळत होता. मदतीला आलेल्या कुणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि २०२४ च्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरवाट घातली.

२५. गिटवरचा कोड वाचलास म्हणून तेच बसलं असं समजू नकोस — एक्सझेडमध्ये चोरवाट चालू करणारा तुकडा रिलीजच्या टारबॉलमध्ये होता, गिटमध्ये नव्हता. ती सापडली कारण अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगइनला अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला, आणि तो अर्धा सेकंद त्यांनी सोडून दिला नाही. तूही सोडू नकोस.

२६. लायसन्सचा रकाना यादीत पहिल्या दिवसापासून ठेव, आणि आत खोल बसलेल्या पॅकेजांचाही भर — एमआयटी किंवा अपाची असेल तर सहसा नाव आणि नोटीस जपली की पुरतं. एजीपीएल असेल तर नेटवर्कवरून दिलेल्या सेवेलाही सोर्स खुला करण्याची अट लागू शकते. तिथे वकिलांना विचारायचं, अंदाज बांधायचा नाही.

रोजच्या सवयी

२७. पिप-ऑडिट किंवा एनपीएम ऑडिट रोज सीआयवर चालू दे, पण लाल ओळी बघून घाबरू नकोस — आधी बघ, सदोष भाग आपला कोड खरंच वापरतो का, आणि बाहेरून आलेला डेटा तिथवर पोचतो का. जिथे पोचतो, ते आज. बाकीचं या आठवड्यात.

२८. नवं आलं म्हणून धावू नये, दुरुस्ती आली तर बसू नये — सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमवरच्या चॉक आणि डीबगसारख्या पॅकेजांत चोरलेल्या खात्यातून विषारी व्हर्जनं चढली आणि काही तासांत काढली गेली. साध्या अपग्रेडला चार दिवस थांबणारे वाचले. उलट २०१७ मध्ये अपाची स्ट्रट्सची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, इक्विफॅक्समध्ये ती लागली नाही, मेपासून चोर आत शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली.

२९. ज्याचा वापर नाही, त्याचा वावर नको. पण काढण्याआधी दोनदा बघ — सायकॉपजी२ कोडमध्ये कुठेच इम्पोर्ट केलेलं दिसणार नाही, तरी जँगोच्या सेटिंगमधल्या डेटाबेसच्या ओळीमुळे ते लागतं. गुनिकॉर्न तर फक्त सुरू करायच्या कमांडमध्येच असतो.

३०. यादी तुझ्या एक्सेलपुरती ठेवू नकोस, सायक्लोनडीएक्स किंवा एसपीडीएक्स या ठरलेल्या रूपात एसबॉम, म्हणजे सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी, म्हणून काढ — सर्ट-इनने २०२४ मध्ये एसबॉमची मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि सेबीच्या त्याच वर्षीच्या सायबर चौकटीतही एसबॉम मागितलाय. उद्या गिऱ्हाईक बँक किंवा ब्रोकर असेल, तर हा कागद ते मागणारच.

३१. प्रत्येक पॅकेजापुढे एक ओळ लिही : का घेतलं, कुणी घेतलं, काय झालं की काढायचं — सहा महिन्यांनी तुझ्या जागी दुसरी कुणी नवखी मुलगी बसेल, आणि आज तुला पडलेला प्रश्न तिला पडायला नको.

३२. आणि शेवटचा, सगळ्यांत मोलाचा : यादीच्या तळाशी 'कळलं नाही' असा रकाना ठेव आणि तो रिकामा दिसावा म्हणून काही दडपू नकोस — तांबड्या खुणा केलेली नावं तिथे गेली की साहेबांना कुठे जोखीम आहे ते कळतं, ती लपवलीस तर यादी पूर्ण दिसते आणि भरवसा खोटा ठरतो. बरोबर उत्तरं देणारी मुलगी टीमला आवडते, पण आपल्याला कुठवर माहीत आहे हे नेमकं सांगणारीवर टीम विसंबते. अडलीस तर झाडाचा तेवढा तुकडा मला पाठव, बसून बघू.