मोटारीचे दुखणे

प्रस्तावना

रोगी समोर आल्याबरोबर वैद्य औषध देत नाही. आधी तो विचारतो : दुखते कुठे, केव्हापासून, कशाने वाढते, कशाने थांबते? यंत्राच्या बाबतीत मात्र हा विवेक सहज सुटतो. जुनी मोटार अडली की कुणी प्लग बदलतो, कुणी पंप बदलतो, कुणी थेट कार्ब्युरेटरच खोलतो. पैसे खर्च होतात आणि दुखणे तसेच राहते. लक्षणावरून कारणापर्यंत क्रमाने कसे पोहोचावे, हे प्रस्तुत पाठात पेट्रोल आणि हीटर या दोन उदाहरणांतून सांगितले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला :
- जुन्या मोटारीत पेट्रोल इंजिनापर्यंत कसे पोहोचते ते सांगता येईल;
- लक्षण आणि कारण यांतील फरक स्पष्ट करता येईल;
- दोन वेगळ्या वाटणाऱ्या तक्रारींमागील एकच कारण ओळखता येईल;
- कार्यकारणभाव दाखवणारी वाक्ये लिहिता येतील.

मूळ पाठ

येथे ‘जुनी मोटार’ म्हणजे कार्ब्युरेटर असलेली मोटार. मुंबईतील कुर्ला येथे पूर्वी तयार होत असलेली प्रीमियर पद्मिनी ही त्यांपैकी एक. अनेक दशके ती मुंबईची टॅक्सी म्हणून धावली आणि ऑक्टोबर २०२३मध्ये टॅक्सी म्हणून तिचा प्रवास संपला. १९८३मध्ये आलेल्या मारुती ८००च्या सुरुवातीच्या गाड्याही कार्ब्युरेटरच्याच होत्या. आजही हौशी मालकांनी अशा मोटारी जपून ठेवल्या आहेत. या गाड्यांत संगणक नसतो, त्यामुळे बिघाडाची सूचना देणारा दिवा लागत नाही. निदान करावे लागते ते डोळे, कान, नाक आणि बुद्धी यांच्या साहाय्याने.

*पेट्रोलचा प्रवास*

टाकीतील पेट्रोल नळीतून गाळणीत येते. इंजिनावर बसवलेला पंप ते ओढून कार्ब्युरेटरच्या लहानशा कुंडीत पोहोचवतो. कुंडीतील तरंगता फ्लोट पातळी राखतो. तेथून पेट्रोलचे बारीक थेंब हवेत मिसळतात. वजनाने पाहिल्यास एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा लागते. हे प्रमाण बिघडले की गाडी तक्रार करू लागते.

इंजिन चालूच होत नसेल, तर पहिला प्रश्न विचारावा : पेट्रोल पोहोचत नाही, की पोहोचूनही जळत नाही? याचे उत्तर सोपे आहे. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरचे झाकण काढावे आणि ॲक्सिलरेटर दाबावा. कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोलची बारीक धार दिसली, तर कुंडीत पेट्रोल आहे. मग ठिणगीकडे, म्हणजे प्लग, कॉइल आणि पॉइंट यांकडे वळावे. धार दिसली नाही, तर शोध मागे, टाकीच्या दिशेने न्यावा.

काही लक्षणे स्वतःच बोलकी असतात. गाडी सपाट रस्त्यावर बरी चालते, पण चढावर ओढत नाही. अशा वेळी गाळणी तुंबल्याचा संशय घ्यावा. कमी पेट्रोलवर काम भागते तोवर दोष लपून राहतो; मागणी वाढली की तो उघडा पडतो. गाडी काही किलोमीटर चालून थांबते आणि टाकीचे झाकण उघडताच ‘सूं’ असा आवाज येऊन पुन्हा सुरू होते; तेव्हा झाकणातील हवेचे छिद्र बंद झालेले असते. पेट्रोल बाहेर जाते, त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत निर्वात निर्माण होतो आणि पंप हतबल होतो. काळा धूर, पेट्रोलचा वास आणि ओला काळा प्लग ही पेट्रोल गरजेपेक्षा जास्त येत असल्याची खूण. चोक अडकला असेल किंवा फ्लोटची सुई नीट बसत नसेल. इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर पंपाचा पडदा फाटला असण्याची शक्यता असते. अशी गाडी चालवू नये. पातळ झालेले ऑइल इंजिनाचे रक्षण करू शकत नाही.

उन्हाळ्यात घाट चढताना आणखी एक घटना घडते. इंजिनाच्या उष्णतेने नळीतील पेट्रोलची वाफ होते. द्रव ओढण्यासाठी केलेला पंप वाफ ढकलू शकत नाही आणि गाडी थांबते. गाडी सावलीत उभी करून पंपावर ओले फडके ठेवले की थोड्या वेळाने ती सुरू होते. ‘थंड झाल्यावर सुरू होते’ हे वाक्य म्हणूनच मेकॅनिकला आवर्जून सांगावे. त्यात अर्धे निदान असते.

अलीकडे एका नव्या कारणाची भर पडली आहे. भारतात २०२३पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने विक्रीस आले. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे अशा इंधनासाठी बनवलेले नव्हते. रबर फुगते, मऊ पडते किंवा त्याला चिरा जातात. इथेनॉल पाणीही शोषून घेते. म्हणून जुन्या मोटारीच्या नळ्या नियमित तपासाव्यात आणि पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत पडून राहू देऊ नये.

*हीटरचे गणित*

मोटारीचा हीटर स्वतः उष्णता निर्माण करत नाही. इंजिनाला थंड ठेवणारे पाणी गरम होते. ते डॅशबोर्डखालील एका छोट्या रेडिएटरमधून फिरते आणि ब्लोअर त्यावरून हवा आत सोडतो. म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात : पाणी गरम आहे का, ते हीटरपर्यंत फिरते का आणि हवा वाहते का?

इंजिन तापल्यावर ते बंद करून हीटरच्या दोन्ही नळ्यांना सावधपणे हात लावावा. दोन्ही गरम असूनही हवा थंड येत असेल, तर दोष हवेच्या झडपेत किंवा तिच्या केबलमध्ये आहे. एक गरम आणि एक थंड असेल, तर पाणी अडले आहे : कॉक बंद आहे, हीटर गाळाने तुंबला आहे किंवा आत हवा कोंडली आहे. ब्लोअर मुळीच फिरत नसेल, तर आधी फ्यूज पाहावा. पायाखालचा गालिचा ओलसर, काचेवर चिकट धुके आणि गोडसर वास ही तीन लक्षणे एकत्र आली, तर हीटर गळतो आहे.

*दोन तक्रारी, एक कारण*

समजा, डिसेंबरच्या थंडीत दिल्लीतील एका जुन्या गाडीच्या मालकाच्या दोन तक्रारी आहेत. हीटरची हवा कोमटच राहते आणि गाडीचे ॲव्हरेज घटले आहे. पहिल्या तक्रारीसाठी हीटर बदलायचा आणि दुसरीसाठी कार्ब्युरेटर, असा विचार कुणीही करील. परंतु हीटरच्या दोन्ही नळ्या सारख्याच कोमट आहेत. म्हणजे पाणी फिरते, ते तापत मात्र नाही. तापमानाचा काटाही खालीच राहतो. थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरची वरची नळी हळूहळू कोमट होऊ लागते. खरे तर ती बराच वेळ थंड राहून नंतर झपाट्याने तापायला हवी.

येथे थर्मोस्टॅटकडे बोट जाते. त्यातील विशिष्ट मेण तापल्यावर प्रसरण पावते आणि झडप उघडते. साधारणतः ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत ती बंद राहते, त्यामुळे इंजिन लवकर तापते. झडप उघडीच अडकली, तर पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमध्ये थंड होत राहते. हीटरला उष्णता मिळत नाही. थंड इंजिनात पेट्रोलचे नीट बाष्प होत नाही, चालकाला चोक अधिक वेळ ओढून ठेवावा लागतो आणि पेट्रोल वाया जाते. कधी कधी तर उन्हाळ्यात इंजिन तापते म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट काढूनच टाकलेला असतो! तेव्हा तुंबलेला रेडिएटर साफ करायला हवा होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तो असा.

शंका पडताळताही येते. काढलेला थर्मोस्टॅट पाण्याच्या भांड्यात तळाला न टेकता टांगावा आणि पाणी तापवावे. थंड असतानाच झडप उघडी दिसली, तर निदान पक्के झाले. एका स्वस्त भागाने दोन तक्रारी मिटल्या.

*सावधान!*

पेट्रोलजवळ विडी, काडी वा ठिणगी नको. नळीने पेट्रोल तोंडाने ओढू नये. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. कूलंट गोडसर पण विषारी असते. ते मुले आणि जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे. सर्वांत महत्त्वाचे : बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये आणि हीटर लावून उभ्या गाडीत झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. तो झोपेतच प्राण घेतो.

पाठगत प्रश्न

योग्य पर्याय निवडा.
१. गाडी चढावर ओढत नाही, याचे संभाव्य कारण : (क) ब्लोअरचा फ्यूज (ख) तुंबलेली गाळणी (ग) हवेची झडप
२. हीटरची एक नळी गरम व दुसरी थंड असेल, तर : (क) पाणी अडले आहे (ख) हवा अडली आहे (ग) पेट्रोल अडले आहे

शब्दार्थ

निदान – रोगाचे वा दोषाचे कारण ओळखणे. निर्वात – हवारहित पोकळी. प्रसरण – आकार वाढणे. हतबल – शक्तिहीन. विवेक – योग्य-अयोग्य ओळखण्याची बुद्धी.

भाषाविचार

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ या म्हणीचा अर्थ : संकट एका ठिकाणी आणि उपाय भलत्याच ठिकाणी. ‘जखम मांडीला, मलम शेंडीला’ ही याच अर्थाची दुसरी म्हण.

‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘सबब’ ही परिणामबोधक उभयान्वयी अव्यये आहेत. उदा. झडप बंद राहते, त्यामुळे इंजिन लवकर तापते.

आपण काय शिकलो?

- लक्षण म्हणजे कारण नव्हे.
- सोपी आणि बिनखर्चाची तपासणी आधी करावी. भाग नंतर बदलावा.
- दोन तक्रारींना जोडणारा धागा आहे का, हे पाहावे.
- निदान पडताळल्याशिवाय पक्के मानू नये.

स्वाध्याय

१. पेट्रोलचा टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा प्रवास आपल्या शब्दांत लिहा.
२. थर्मोस्टॅट उघडा अडकल्यास पेट्रोल जास्त का लागते? सकारण स्पष्ट करा.
३. तुमच्या घरातील एखाद्या बिघडलेल्या वस्तूची लक्षणे, संभाव्य कारणे आणि तपासणीचा क्रम दहा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे : १ – (ख), २ – (क)