रानघेवड्याचे आनुवंशिक धन

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव परिसराच्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. राजम्याच्याच जातीचा हा घेवडा आज अस्सल देशी वाटत असला, तरी त्याचे मूळ अमेरिका खंडात आहे. मेक्सिकोपासून अर्जेंटिनाच्या वायव्य भागापर्यंत डोंगरउतारांवरील झुडपांतून त्याचे रानटी भाऊबंद अद्यापही आढळतात. दाणा बारीक, आणि शेंग वाळताच तडकून बी दूर फेकणारी; शेतकऱ्याच्या दृष्टीने हा वेल निरुपयोगीच.

सुमारे ८ हजार वर्षांपूर्वी मेक्सिकोत व अँडीज पर्वतराजीत मानवाने हा घेवडा स्वतंत्रपणे लागवडीस आणला, तेव्हा मोजक्याच वेलींचे बी निवडले गेले. मोठा दाणा व सहसा न तडकणारी शेंग हाती आली. परंतु पुष्कळसे गुण रानातच राहिले.

त्यांचे मोल पटवून दिले ते साठवणुकीतील भुंगेऱ्याने. कोलंबियातील कॅली शहराजवळच्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय शेती केंद्रात लागवडीच्या हजारो नमुन्यांची तपासणी झाली, पण या किडीला पुरेसा प्रतिकार करणारा वाण सापडेना. अखेर मेक्सिकोतील काही रानटी नमुन्यांत तो गुण आढळला व १९८३ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. दाण्यातील संबंधित प्रथिनाला पुढे गेरेरो राज्यातील आर्सेलिया या गावावरून ‘आर्सेलिन’ हे नाव मिळाले. ते असलेल्या दाण्यात भुंगेऱ्याच्या अळीची वाढ खुंटते. संकराद्वारे हा गुण लागवडीच्या घेवड्यात उतरविता आला.

घेवडा मुख्यत्वे स्वपरागित आहे. त्यामुळे एका टेकडीवरील वेल परस्परांशी बरेचसे मिळतेजुळते, तर पलीकडच्या टेकडीवरील निराळे असतात. साहजिकच एकाच ठिकाणचे पोतेभर बी जमवून भागत नाही; अनेक ठिकाणचे ओंजळ-ओंजळ बी अधिक मोलाचे ठरते. रस्ता, वसाहत किंवा अनिर्बंध चराई यांपायी एखादा उतार उजाड झाला, तर अन्यत्र न मिळणारा गुणही त्याबरोबर नष्ट होऊ शकतो.

कॅलीजवळील या केंद्राच्या संग्रहात घेवडावर्गीय पिकांचे ३७ हजारांहून अधिक नमुने असून २०२२ साली त्यासाठी नवी वास्तू उभी राहिली. मात्र शीतगृहातील बियाण्याचा पाऊस, रोग व किडींशी चाललेला सामना थांबतो. रानातील वेलीचा तो चालूच राहतो. म्हणून मूळ अधिवासाचे रक्षणही तितकेच निकडीचे. त्यातही एक अडचण आहे. रानवेलींलगत शेती असल्यास पिकाचे पराग तिकडे पोहोचतात व रानटी घेवड्याचे वेगळेपण हळूहळू ओसरते, असे मेक्सिकोतील अभ्यासांत दिसून आले आहे. केवळ कुंपण घालून हे संरक्षण साधणारे नाही. शेजारच्या शेतात काय पेरले जाते, याकडेही लक्ष ठेवावे लागते.